कानसेनचा डावा कान

वाद्यवृंदात त्याला सगळे कानसेन म्हणत. एकवीस वर्षं त्याने आवाजाचं काम सांभाळलं होतं. कुठल्या वायरीत खरखर आहे, ते लांबून नुसतं ऐकून सांगायचा. हल्ली प्रत्येक कलाकाराशेजारी एक छोटी पेटी असे. कानांत इयरफोन घालायचे, हव्या त्या वाद्याचं बटण दाबायचं आणि खुंटी फिरवून आपल्यापुरता आवाज कमीजास्त करायचा. कीबोर्डच्या वायरी दोन, डावी आणि उजवी, पण पेटीवर त्यांची जोडी बांधलेली. खुंटी एकच, फिरवली की दोन्ही बाजू बरोबरीने चढत. जोड्या बांधायच्या आणि कलाकार येण्याआधी सगळ्या पेट्या स्वतःच्या कानांनी तपासायच्या, हे कानसेनचं काम.

मग एका तापानंतर त्याचा डावा कान गेला. डॉक्टर म्हणाले, "यायला उशीर केलात. आता कठीण आहे."

"मालकांना सांगून टाका," बायको म्हणाली.

"आणि खाऊ काय? बहिऱ्याला आवाजाच्या कामावर कोण ठेवतं?" मग हसून म्हणाला, "या कानाची खबर त्या कानाला लागू द्यायची नाही." ती हसली नाही.

पाच महिने निभावलं. दोन्ही बाजूंचे इयरफोन एकामागून एक उजव्याच कानात घालून तो तपासायचा. वेळ दुप्पट लागे.

त्या दुपारी सभागृह उशिरा उघडलं. गायिका ताटकळली होती. "दादा, झालं का?" कीबोर्डवाला हळू सूर धरून बसलेला. कानसेनने तिच्या पेटीवर कीबोर्डची फक्त उजवी बाजू ऐकली. त्या बाजूची वायर सैल होती, आवाज बारीक येत होता. त्याने खुंटी फिरवली, पुरेसं वाटेपर्यंत फिरवत राहिला. डाव्या इयरफोनात आवाज केव्हाच टिपेला गेला होता. त्याला पत्ताच नव्हता.

गायिकेने इयरफोन घातले. कीबोर्डवाल्याने दोन्ही हातांनी सूर दाबले. ती किंचाळून खालीच बसली.

तिच्या पेटीवर स्वतःचा आवाज चढवून ठेवला म्हणून मालकांनी कीबोर्डवाल्याला धारेवर धरलं.

"मी कुणाच्या पेटीला हातही लावला नाही," तो म्हणाला. "विचारा कानसेनला."

सगळे वळले.

"मी तपासलं तेव्हा ठीक होतं," कानसेन म्हणाला.

कीबोर्डवाल्याला त्याच संध्याकाळी काढलं.

बाराव्या दिवशी कानसेन गायिकेच्या घरी गेला. दार तिनेच उघडलं. तो बोलू लागताच तिने मान वळवून उजवा कान पुढे केला. डाव्यात सारखी शिट्टी वाजत होती. स्वतःचा सूरही तिला धड ऐकू येत नव्हता.

त्याने सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "एका शब्दाने बोलायचं होतं, दादा. डावी बाजू मी ऐकून दिली असती. दोन मिनिटांचं काम."

ती पुन्हा गायला उभी राहिली नाही. कानसेनने मालकांनाही सांगितलं आणि नोकरी गेली. मालकांनी कीबोर्डवाल्याला परत बोलावलं, तो आला नाही. फर्निचरच्या एका दुकानात लागला होता. कानसेन तिथे जाऊन हात जोडून उभा राहिला.

"मला ठाऊक होतं," खुर्ची पुसता पुसता कीबोर्डवाला म्हणाला. "तीन महिने बघत होतो, डावा इयरफोनसुद्धा उजव्या कानाला लावायचात. म्हटलं, इतकी वर्षं राबलेला माणूस, कशाला त्याच्या पोटावर पाय द्यायचा? त्या दिवशीही तेवढ्यासाठीच तुमच्या कानाबद्दल तोंड मिटून घेतलं."

"मग आता तरी चल परत."

"तिचा कान येणार आहे का परत?" त्याने विचारलं आणि फडकं झटकून पुढची खुर्ची ओढली.