नाकावरची चिकटपट्टी

एखाद्या बड्या डॉक्टरला हार घालून, टाळ्यांच्या गजरात पलंगाला बांधायची संधी सगळ्यांना मिळत नाही. मला मिळाली, आणि मी ती सोडली नाही.

मी इकडे हिंदी मुलखात, राइट टाउनमधल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. रुग्णांना बांधून ठेवण्यावर काय संशोधन चाललंय, हा माझा विषय. लोकांना वाटतं, अभ्यासाची आवड. आवड कसली, डूख धरून वाचलंय मी सगळं. जुने लेख विचारायचे, रुग्णाला नीट कसं बांधावं. पुढचे लेख बांधल्याने काय बिघडतं ते तपासू लागले: मनगटं सोलवटतात, माणूस आणखी बिथरतो, आणि नळी ओढायची ती पुष्कळदा ओढतोच. आता न बांधता कसं भागवावं, यावर सगळे लिहितात. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस असायचा.

आई न्यूमोनियाने एका खासगी दवाखान्यात होती. नाकातून नळी, ती हलू नये म्हणून नाकावर चिकटपट्टी. तापात आईची हिंदी गेली. रांझीत जन्मभर शेजारणींशी फाडफाड हिंदीत भांडलेली बाई नुसती मराठी बोलायला लागली. वॉर्डात ते कुणाला कळेना, म्हणून ती बडबडते असं ठरलं. हात सारखा नाकाकडे जातो म्हणून डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात गॉजपट्टीने कठड्याला बांधायला लावले. भेटीच्या वेळेत मी आत गेले तेव्हा आई म्हणाली, "नाकाले खाज सुटून राहिली वो. हात सोड."

एवढंच ती सगळ्यांना सांगत होती. मी डॉक्टरांना सांगायला धावले. ते दारातूनच म्हणाले, "अभी आते हैं। पहले इनको शांत होने दीजिए।" आले नाहीत. मी आईचं नाक खाजवत उभी राहिले, वेळ संपली तशी मला बाहेर काढलं.

आई बरी होऊन घरी आली, पण कुणाला मनगट धरू देईना. बांगड्या भरायची तिला भारी हौस, सणाला चुडीवालीपुढे पहिली बसायची. आता चुडीवालीने हात धरला की ती झटका देऊन उठते. तिची रिकामी मनगटं दिसली की मी त्या माणसाचं वाईट चिंतते. त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजात याच विषयावर कार्यशाळा होती. प्रमुख पाहुणे म्हणून त्याच डॉक्टरांचं नाव मीच सुचवलं. त्यांनी मला ओळखलं नाही. भाषणात म्हणाले, बांधणं हे रुग्णाच्या भल्यासाठीच असतं. मी उठून गोड आवाजात विनंती केली, की प्रात्यक्षिकाला एक रुग्ण हवाय, सर स्वतः झाले तर मुलींना किती शिकायला मिळेल. मुलींनी टाळ्या पिटल्या. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

त्यांना पलंगावर निजवलं. नाकावर चिकटपट्टी लावली. हात अगदी नियमाप्रमाणे बांधले, पट्टीखाली बोट जाईल इतके सैल. आईला तेवढंही मिळालं नव्हतं. मग मी मुलींकडे वळून संशोधनावर बोलायला लागले, सावकाश. आधी ते हसत होते. थोड्या वेळाने नाक फेंदारू लागले, मग गाल उशीवर घासू लागले.

शेवटी म्हणाले, "मैडम, खोल दीजिए। नाक में खुजली हो रही है।"

"अभी आते हैं, सर," मी म्हटलं. "पहले शांत हो जाइए।"

मुली हसल्या. ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. आठवलं असावं. मला जे हवं होतं ते एवढंच, आणि ते मी डोळे भरून बघून घेतलं. उरलेला भाग पुरा केला, मग पट्ट्या सोडल्या. ते चहा न घेता निघून गेले.

संध्याकाळी रांझीला जाऊन आईला सगळं सांगितलं. मोठ्या माणसाचा भर सभेत पाणउतारा केला म्हणून ती रागावेल, असं मला वाटलं होतं. ती खाली मान घालून वाटाणे सोलत होती. हात सोडा असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं.

आईने आणखी एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले, आणि माझ्याकडे बघितलं.

"मंग सोडलं काहून त्याले?"