कसंबाई आणि हातचा एक

त्या बाईंनी आयुष्यात कुणाला 'बरोबर' म्हटलं असेल असं मला वाटत नाही. 'चूक'ही म्हणत नसत. पोरानं उत्तर सांगितलं की चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि विचारायच्या, "कसं काढलंस?" उत्तर चुकलेलं असलं तर ठीक आहे. पण बरोबर आलेल्यालाही तेच. सात नि सहा तेरा म्हणणारं पोर आधी खुशीत असायचं, 'कसं' ऐकलं की त्याचं तोंड उतरायचं आणि ते घाईघाईनं तेराचे बारा करून टाकायचं. मग बाई ते बारा कसे काढले हे विचारायच्या. पोरांनी त्यांचं नाव कसंबाई ठेवलं होतं. घरी मीही तेच म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई.

हडपसरातल्या त्या महापालिकेच्या शाळेत खिचडीचं काम आमच्या बचत गटाकडे होतं. स्वयंपाकाच्या खोलीला लागूनच दुसरीचा वर्ग, मध्ये बिनगजाची एक खिडकी. त्यामुळे बाईंचं शिकवणं मला ऐकायचं नसलं तरी ऐकावं लागे. एकदा खिडकीतून त्यांनी मला विचारलं, "मावशी, आज जेवायला किती?" मी म्हटलं, चौतीस. "कसं काढलंत?" मी सांगितलं, दाराबाहेर चपलांचे जोड मोजले. झालं. बाई इतक्या खूश झाल्या की सगळा वर्ग उठवून चपला मोजायला बाहेर नेला. त्यात एका मुलीनं शोध लावला की एक जण अनवाणीच आलाय, म्हणजे चौतीस नाहीत, पस्तीस. त्यावर मग आणखी अर्धा तास. इकडे माझी खिचडी गार. त्या दिवसापासून मी त्यांना नुसतं उत्तर द्यायचं, कारण सांगायचं नाही असं ठरवलं. ते ठरवणं काही टिकलं नाही, कारण बाई उत्तरावर थांबायच्याच नाहीत.

माझं स्वतःचं शिक्षण चौथी. लोणी काळभोरला आमचे गुरुजी छडी घेऊन बसायचे आणि आम्ही ओळीनं उभं राहून ओरडायचो. तीसपर्यंत पाढे, वर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. हे सगळं कशाचं काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती आणि कुणाचं अडतही नव्हतं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण पाढे अजून पाठ आहेत. एवढ्या जोरावर मी स्वतःला गणितात हुशार समजत होते. बाईंना एकदा अडीचकी म्हणून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "सुरेख. आता मावशी, अडीच सक पंधरा कसे होतात ते काड्यांनी मांडून दाखवता का?" मी म्हटलं, मला कामं आहेत.

काड्या म्हणजे माझ्याच खराट्याच्या काड्या. त्याचा राग मला आजही आहे. वर्षाच्या सुरुवातीला मी नवा खराटा आणला. पंधरा दिवसांत तो अर्धा झाला. मला वाटलं माल खराब निघाला. दुसरा आणला. तोही झडायला लागला तेव्हा मी लक्ष ठेवलं, तर बाई मधल्या सुट्टीत अंगणाच्या कोपऱ्यात बसून त्यातल्या काड्या उपसत होत्या आणि बोटाएवढ्या मोडून पिशवीत भरत होत्या. पकडल्यावर लाजायचं सोडून मलाच म्हणाल्या, "दोनशे लागतात हो. तुमच्या खराट्याच्या सारख्या जाडीच्या निघतात." त्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून पोरं त्यांना रबर लावायची. सोडायची, परत बांधायची. महिनाभर दुसरं काही नाही. अंगण मी हातानं झाडायचं का, हा प्रश्न बाईंना पडला नाही. तेवढं एकच 'कसं' त्यांनी कधी विचारलं नाही.

बाकी बाईंचं कौतुक करावं असं फारसं नव्हतंच. शहरातून बसनं यायच्या आणि वाटेत मंडईत उतरून चिंचोके, मण्यांच्या तुटक्या माळा, बाटल्यांची झाकणं असलं काय काय गोळा करायच्या, म्हणून उशीर. चहा मागायच्या आणि गार करून ठेवायच्या. बोलणं गोड मुळीच नाही. एका बापानं विचारलं, आमच्या मुलाचं गणित कच्चं आहे का? बाई म्हणाल्या, "अजून चुलीवर ठेवलंय. तुम्ही सारखं झाकण काढू नका." तो बाप रागानं गेला. मीही खिडकीत होते. मला हसू आलं, पण राग त्याचा पटला.

कारण माझी नात तन्वी त्याच वर्गात होती. माझ्या मुलाची थोरली. पलीकडच्या तुकडीचे सर एव्हाना हातच्याच्या बेरजा संपवून हातच्याच्या वजाबाकीला लागले होते. त्यांच्या पोरांच्या वह्या पहिल्या पानापासून भरलेल्या, दर पानावर लाल बरोबरच्या खुणा. तन्वीच्या वहीत गठ्ठ्यांची चित्रं. एकदा बाईंनी तिला त्रेपन्न लिहायला सांगितले, तिनं पस्तीस लिहिले. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं आता तरी कान धरतील. बाई म्हणाल्या, "तोंडानं आधी तीन म्हणतो आपण, मग पन्नास. तिनं ऐकलं तसं लिहिलं. आता गठ्ठे मांड बघू त्रेपन्नाचे." पोरीनं चुकीचं लिहिलंय आणि बाई तिची बाजू घेतात. मी खिडकी लावून घेतली.

घरी माझा मुलगा कपाळाला हात लावून बसला होता. तन्वी सकाळी पोट दुखतं म्हणायला लागली होती, आणि दुखायचं ते गणिताच्या दिवशी. माझी शाळा सुटली ती घरच्या परिस्थितीनं. हिची गणिताच्या भीतीनं मनातून सुटली तर नुसतं वर्गात बसून काय उपयोग, हे माझ्या डोक्यात बसलं. मी ठरवलं, आता मीच शिकवते. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की तिला समोर घ्यायचे. दोन अंकांच्या बेरजा. ती हातचा विसरायची. गुरुजी आम्हाला हातचा विसरला की छडी द्यायचे, मी तिला छडी दिली नाही, पण रोज दहा वेळा बजावलं, "हातचा विसरायचा नाही. काही झालं तरी विसरायचा नाही." आठवड्यात पोरगी इतकी तयार झाली की गणित उतरवून घेतलं की आधी डोक्यावर एक लिहायची. मला समाधान वाटलं. मी मुलाला म्हटलं, बघ, बाईंना चार महिन्यांत जमलं नाही ते मी आठ दिवसांत केलं.

मग चाचणी झाली. दहा बेरजांपैकी तन्वीच्या तीन बरोबर आल्या.

मला जे वाटलं ते सरळ सांगते. मला वाटलं, मी एवढं पक्कं केलेलं बाईंनी पुन्हा कालवलं. इतर पालकही तापलेलेच होते. कुणीतरी अर्ज टाइप करून आणला की दुसरीच्या बाई शिकवत नाहीत, नुसता खेळ चालतो, त्यांना बदलावं. सह्या गोळा करायला तो माणूस माझ्याकडे पहिला आला, कारण मी शाळेतलीच, माझं वजन पडणार. मी हात पुसले आणि सही केली. माझी सही चांगली येते. त्याखाली बाकीच्या वीस आल्या. अर्ज मुख्याध्यापकांकडे गेला.

नंतर दोन दिवसांनी मी तांदूळ निवडत ओट्याशी बसले होते. बाई तन्वीला घेऊन तिथंच आल्या आणि जमिनीवर बसल्या. चाचणीचा कागद पुढे ठेवला. बत्तीस अधिक पंचेचाळीस, तन्वीचं उत्तर सत्त्याऐंशी. बाईंनी चष्मा खाली ओढला.

"कसं काढलंस?"

"दोन नि पाच सात. तीन नि चार सात. आणि हातचा एक, आठ."

"हातचा कुठून आला?"

"तो असतोच," तन्वी म्हणाली. "आजी म्हणते, काही झालं तरी विसरायचा नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मी काहीतरी बोलले असते. त्यांनी पिशवीतून काड्या काढल्या. तन्वीनं तीन गठ्ठे नि दोन सुट्या मांडल्या, खाली चार गठ्ठे नि पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या, सात. "गठ्ठा बांधता येतोय?" बाईंनी विचारलं. तन्वी म्हणाली, नाही, तीन कमी आहेत. "मग हा जास्तीचा गठ्ठा कुणी दिला?" पोरीनं काड्यांकडे बघितलं आणि मग हळूच माझ्याकडे. मी तांदळातला खडा शोधत राहिले. तांदूळ निवडून झालेले होते.

बाईंनी तिला दुसरं गणित दिलं. अठ्ठावीस अधिक पस्तीस. आठ नि पाच सुट्या, तेरा. त्यातल्या दहा तन्वीनं बांधल्या, रबर लावलं, आणि तो गठ्ठा उचलून पाच गठ्ठ्यांच्या शेजारी ठेवला. तीन काड्या उरल्या. एकदम म्हणाली, "आजी, हा बघ तुझा हातचा. हा एक नाहीच. हे दहा आहेत."

साठ वर्षांहून जास्त मी हातचा धरत आले. तो कधी चुकला नाही. पण तो दहाचा गठ्ठा असतो आणि जमला तरच बांधायचा असतो, हे मला त्या दिवशी सात वर्षांच्या पोरीकडून कळलं. गुरुजींनी सांगितलं नव्हतं. बहुतेक गुरुजींनाही कुणी सांगितलं नसेल. तन्वीच्या सात बेरजा चुकल्या होत्या आणि सातही बिनहातच्याच्या होत्या. त्या बाईंनी चुकवल्या नव्हत्या, मी चुकवल्या होत्या.

मी उठून मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हटलं, अर्जावरची माझी सही खोडा. ते म्हणाले, अर्ज कालच वर गेला, आता खोडता येत नाही. मी म्हटलं, मग दुसरा लिहून द्या, मी सही करते. ते म्हणाले, आजी, उगाच घोळ घालू नका.

मग बाईंना सांगणं भाग होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. चहा दिला आणि सांगितलं, तुमच्या विरुद्ध अर्ज गेलाय, एकवीस सह्या आहेत, पहिली माझी. मला वाटलं रडतील किंवा भांडतील. भांडण मला चाललं असतं. बाईंनी कप खाली ठेवला.

"कसं काढलंत?"

मी म्हटलं, "काय कसं काढलं?"

"बाई शिकवत नाहीत, हे उत्तर. कसं काढलंत?"

मी असली चिडले. पण सांगितलं. म्हटलं, पलीकडच्या वर्गाच्या वह्या बेरजांनी भरलेल्या, तुमच्या पोरांच्या वह्यांत नुसती चित्रं. मी पानं मोजली. भरलेल्या पानांवरून कोण शिकवतं ते ठरवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पायरी कुठे चुकली ते तुमचं तुम्हाला सापडलं ना? मग झालं. चहात साखर नाहीये."

पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा बाईंची बदली झालेली होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अर्जामुळे झाली की नेहमीच्या बदल्यांत झाली, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बदलीचे कागद घ्यायला त्या एकदा आल्या, तेव्हा एक पिशवी माझ्या ओट्यावर ठेवली. "तुमच्या काड्या. दोनशे आहेत, मोजून घ्या." बोटाएवढ्या मोडलेल्या काड्यांचं मी काय करणार होते? त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "खरं आहे. एक खराटा मी तुम्हाला देणं लागते." तो काही अजून आलेला नाही.

तन्वी आता सहावीत आहे. गणितात पहिली वगैरे येत नाही, मध्यावर कुठेतरी असते. पण चुकली की तिचं पोट दुखत नाही. मागे जाते, एकेक पायरी बघते, सापडली की स्वतःशीच हं म्हणते. आणि मला छळते. मी म्हटलं, एवढं पीठ पुरेल, की लगेच विचारते, कसं काढलंस? माझं तर पार वाटोळं झालंय. पूर्वी माझी बेरीज झरझर व्हायची. आता हातचा लिहायला घेतला की हात थांबतो, आणि दहा काड्या खरंच झाल्या का ते मी मनात बघून घेते. या वयात माझा वेग घालवला त्या बाईंनी.

पिशवी फडताळात वरच्या कप्प्यात आहे. सून दर दिवाळीला टाकायला काढते आणि मी परत ठेवते. मागच्या साफसफाईत तन्वीनं ती उघडून काड्या मोजल्या. एकोणीस गठ्ठे आणि दहा सुट्या. विसावा गठ्ठा बाईंनी बांधलाच नव्हता. रबर संपलं असेल. तन्वीनं आपल्या केसांचं रबर काढलं आणि त्या दहा काड्यांसकट माझ्या हातात दिलं. म्हणाली, आजी, हा तू बांध.

मी म्हटलं, मला कामं आहेत. मग बांधला.