नऊ वर्षांची खुर्ची

माझ्या शिवणयंत्राच्या पलीकडे, एका भिंतीआड, वेताच्या खुर्च्या विणणारी बाई राहते. सगळी गल्ली तिला आत्या म्हणते, कारण तिची भाची म्हणते. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मीही आत्याच म्हणतो. मला ती मास्तर म्हणते, शिंप्याला म्हणतात तसं. आधीच सांगतो, मी तिच्या बाजूचा माणूस आहे. ज्याला दुसरी बाजू ऐकायची असेल त्याने भाचीच्या ऑफिसात जावं. तिथे बोलायला माणसं ठेवली आहेत.

भाची म्हणजे भावाची मुलगी. आईबाप गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. आत्याने तिला खुर्च्या विणून शिकवलं. पोरगी हुशार निघाली आणि तिने एक संस्था काढली. परदेशी पाहुण्यांनी नुसत्या इमारती बघत हिंडण्यापेक्षा कारागिराच्या घरी बसावं, काम शिकावं, चार गप्पा माराव्यात, आणि इथल्या कारागिराने त्यांच्या गावी जाऊन तेच करावं. कल्पना चांगलीच होती, आजही मी तिला नावं ठेवत नाही. पलीकडच्या कुंभाराचं दुकान त्यामुळे बंद पडता पडता वाचलं. माझ्याकडेही पाहुणे काजं करायला बसले आणि बोटं टोचून घेऊन खुशीत परत गेले.

सगळ्यांत जास्त गर्दी आत्याकडे. तिच्या खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची असे, बैठकीच्या जागी नुसती भोकांची चौकट. प्रत्येक पाहुण्याने तीत वेताची एक पट्टी ओवायची. भाची त्यांना सांगे, "तुमची पट्टी या खुर्चीत कायमची राहील, आणि खुर्ची पुरी झाली की ती एका शाळेला जाईल." पाहुणे हरखून जात, पट्टीसोबत फोटो काढत. ते गेले की आत्या सगळं उसवून टाकायची. तिरकी पट्टी जिथे वरून न्यायची तिथे खालून नेली, की ती घासून लवकर तुटते, आणि पाहुणे हमखास खालूनच नेत. शिवाय पुढच्या पाहुण्यांना भोकं रिकामी हवीत. नऊ वर्षं एकच खुर्ची.

"मास्तर, मला हे बरं वाटत नाही," ती म्हणायची. "त्यांना खरं सांगितलं तर काय बिघडणार आहे? शिकताना माणूस चुकतोच की."

भाची म्हणायची, "आत्या, तू फक्त विण. बोलायचं माझ्याकडे."

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका पाहुणी म्हणून आली. इतर लोक तासभर बसत, ही चार दिवस बसली. आपली भाषा मोडकीतोडकी शिकून आली होती. तिच्या घरी तिच्या आईची वेताची खुर्ची होती, बैठक फाटलेली. "तुम्ही या," ती आत्याला म्हणाली. "आपण दोघी मिळून विणू." पुढे तिच्या गावच्या वाचनालयाचं रीतसर आमंत्रणही आलं, महिनाभर येऊन राहण्याचं.

आत्या उभ्या जन्मात वेताच्या वखारीपलीकडे गेलेली नव्हती. ती लहान मुलीसारखी दिवस मोजायला लागली. मी तिच्यासाठी गडद हिरवा लोकरी कोट शिवला, आत तिच्या वेत ओवायच्या टोच्यासाठी खास खिसा. व्हिसाच्या ऑफिसात तिने यंत्रावर बोटं ठेवली. तीनदा ठसे उठेनात. कारकुनाने ओल्या फडक्याने बोटं पुसली आणि चौथ्या वेळी "हं" म्हणाला. घरी येईपर्यंत ती स्वतःच्या बोटांकडेच बघत होती.

महिन्याने भाची आली, जमिनीवर बसली, आत्याचा हात हातात घेतला. "नाही झालं गं. ठसेच उमटले नाहीत. इतकी वर्षं वेत ओढून तुझ्या बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत." आणि रडली. आत्याने उलट तिचीच समजूत काढली. "तू कशाला रडतेस? बोटं माझी." कोटही तिनेच काढून दिला. "जो कोणी जाईल त्याला दे. तिथे थंडी असते."

त्या दिवसापासून तिने खुर्च्या कमी घेतल्या. माझ्याकडून सुती हातमोजे शिवून घेतले आणि ते घालूनच काम करायला लागली. रोज बोटांना तेल. म्हणे पुढच्या वर्षी रेघा परत येतील. अधूनमधून माझ्या दाराशी उजेडात हात धरायची. "बघा बरं मास्तर, दिसतात का?" मी चष्मा लावून बघायचो आणि दिसतात म्हणायचो.

यंदा ती शिक्षिका पुन्हा आली. बाकीचे पाहुणे यायला दोन दिवस होते, ही एकटीच आधी आली. चहा घेतला, पण जरा तुटकच बोलत होती. मी तिथेच होतो.

"तुम्ही आला नाहीत," ती म्हणाली. "मला वाईट वाटलं. पण तुमची मुलगी चांगली आहे."

आत्याला मूलबाळ नाही. शिक्षिकेने फोन काढला. फोटोत मंचावर भाचीच्या ऑफिसातली एक चुणचुणीत मुलगी बसली होती, मांडीवर अर्धी विणलेली बैठक आणि अंगात माझा कोट. त्या कोटाची कॉलर मी दोनदा उसवून बसवली होती, ती मी कुठेही ओळखीन.

"ती म्हणाली, आईला परक्या घरात राहणं आवडत नाही," शिक्षिका म्हणाली.

माझं डोकं सणकलं. आत्या फोटो मोठा करायला गेली, पण मोज्यातून ते होईना. तिने मोजा काढला, बोटाने फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"तिरकी पट्टी खालून गेलीय," एवढंच म्हणाली.

दुपारी भाचीला बोलावलं. मी उठून जायला लागलो तर आत्या म्हणाली, "बसा मास्तर." भाचीने आधी आढेवेढे घेतले, मग खाली बघत म्हणाली, "व्हिसा आला होता, आत्या. पण तिथे लोक प्रश्न विचारतात. तू सगळं सांगून टाकलं असतंस, उसवण्याचंसुद्धा. मग इथे कोण आलं असतं? कुंभाराचं काय झालं असतं? मास्तरांचं काय?"

माझं नाव मधे घेतल्याचा मला भयंकर राग आला.

"मग तसं सांगायचंस," आत्या म्हणाली. "मी तोंड शिवून बसले असते, नाहीतर गेलेच नसते. माझ्या बोटांवर का ढकललंस? वर्षभर मी माझ्याच हातांचा राग राग केला गं."

भाची निघून गेली. ज्या पोरीला घास भरवला तिनेच तोंडाला पानं पुसली, हे आत्याला गिळवत नव्हतं. पण मोजे तिने पुन्हा घातले नाहीत. बादलीत वेत भिजत घातला आणि उघड्या हातांनी खिडकीपाशी बसली. उभ्या पट्ट्या, आडव्या, मग तिरक्या. बोटं कापली तरी थांबली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून ठकठक ऐकू आली. ती भोकांत खुंट्या ठोकत होती. खुंट्या ठोकून वर काठाची पट्टी बांधली की बैठक कायमची. मग ती कापूनच काढावी लागते.

दुपारी पाहुणे आले, अकरा आणि बारावी ती शिक्षिका. भाचीने दारातच सवयीने सुरुवात केली, "तुमची पट्टी या खुर्चीत..." आणि तिची नजर खुर्चीवर गेली.

"आत्या, हे काय?"

"पुरी झाली."

आत्याने मला येताना आणायला सांगितलेली कापडाची मोठी कात्री उचलली आणि मूठ भाचीपुढे धरली. "पाहुणे आलेत. भोकं रिकामी हवीत ना? नऊ वर्षं मी उसवलं. आज तू उसव, त्यांच्यासमोर."

शिक्षिकेला तेवढी भाषा येत होती. तिने हळू आवाजात बाकीच्यांना सांगितलं.

भाचीने कात्री घेतली, बैठकीसमोर गुडघे टेकून बसली, आणि तशीच बसून राहिली. आत्याने खिडकीतले हातमोजे उचलले, त्यांची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"घ्या मास्तर," ती म्हणाली. "माझ्या बोटांना काही झालेलं नव्हतं."