मागचं लाल बटण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी माझ्या तशा बऱ्याच लाजिरवाण्या गोष्टी सांगून बसलोय. आठ वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून धीर होतोय. ओळखत असता तर? तर हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो असतो.

कॉम्प्युटरपासून सुरू करतो. ते सोपं आहे.

तळेगावला आमचं खतं-बियाण्यांचं दुकान. बाबांनी नागपूरहून एक जुना कॉम्प्युटर आणून मागच्या खोलीत ठेवला होता, बिलांसाठी. दुपारपर्यंत दादा बिलं करायचा, मग तो माझा. मी एकोणीस वर्षांचा, आर्वीच्या कॉलेजात नावापुरता. खरा अभ्यास गाड्यांच्या शर्यतीचा. पण नवे गेम आले तसं आमचं मशीन दमायला लागलं. गाडी वळणावर यायची, चित्र अडकायचं, आणि सुटायचं तेव्हा गाडी थेट दरीत! आर्वीच्या एका मित्राकडे नवं मशीन होतं. त्यावर तोच गेम लोण्यासारखा चालायचा. ते पाहून घरी आलं की आमच्या डब्याकडे बघवत नसे.

मशीन दुरुस्त करायला रमेशभाऊ यायचे. त्यांनी आमचं मशीन उघडून पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "रॅम टाकून देतो काकाजी, अजून दोन वर्सं याले काई होत नाई." मी मध्ये तोंड घातलं — यात नवं कार्ड बसत नाही, बोर्डच जुना आहे, त्यापेक्षा नवीन घेतलेलं बरं. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बिलं निघून राह्यली नं? मंग काऊन बदलाचं? दसरा झाला का रॅम टाकू." विषय संपला.

जाताना रमेशभाऊंनी मशीनच्या मागे, पंख्याजवळचं व्होल्टेजचं एक बारीक लाल बटण मला दाखवलं. "याले हात लावू नोको, बावा. खाली सरकलं का मशीन जागीच उडते." त्यांनी मला सावध केलं होतं. मी ते पाठ करून ठेवलं.

आता वहिनीबद्दल सांगायला हवं. इथे माझी जीभ अडखळते.

माधुरी वहिनी रोहण्याची. त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आली होती. टायपिंगच्या परीक्षा दिलेली. दुपारी "भाऊजी, अर्धाच घंटा द्या" म्हणून ती माझ्याकडून कीबोर्ड मागून घ्यायची, मी कुरकुरत उठायचो, आणि ती खाली न बघता अशी टाइप करायची की मी तोंडात बोट घालायचो. आर्वीच्या एका शाळेत ऑपरेटर हवा होता. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिला परीक्षेला बोलावलं होतं. बाबांची हरकत नव्हती, आईची होती — घरचं दुकान असताना सून दुसऱ्याच्या दारात का जाते? वहिनी मान खाली घालून ऐकायची आणि दुपारी पुन्हा टायपिंगला बसायची.

आमच्याकडे दसऱ्याला वजनकाटा, कात्री, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा होते. नवमीला पुसून ठेवायचं, मग पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नवमीला कॉम्प्युटर पुसायचं काम मी आपण होऊन मागून घेतलं. खोलीत एकटाच होतो. मागे वाकलो, नख लावलं — टिक्. एवढासा आवाज, पण मला वाटलं दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू गेला.

काय वाटत होतं मला? की पूजा झाली की मीच सुरू करीन, फट् होईल, जुनं होतं, गेलं — आणि दिवाळीला नवं येईल. कुणाचंच काही बिघडणार नाही. खरंच असं वाटत होतं? की वाटून घेतलं?

दसऱ्याच्या सकाळी बाबा एकदम म्हणाले, "यंदा सुनबाईच्या हातानं सुरू करू. पयला दसरा हाय तिचा."

वहिनी किती हरखली! हिरवं लुगडं, हातात पूजेचं ताट. तिने मॉनिटरला कुंकू लावलं, झेंडू ठेवला. दादाने भिंतीवरचं बटण चालू केलं, स्टॅबिलायझरचा दिवा लागला. आता फक्त मशीनचं पुढचं बटण. मी तिच्यापासून दोन पावलांवर होतो. "थांबा" म्हणायला किती वेळ लागतो? वायर ढिली आहे, उंदीर दिसला, काहीही चाललं असतं. एरवी मला थापा सुचायला क्षणही लागत नाही. पण बाबा मागे वाकून बघतील, त्यांना ते बटण दिसेल — ही एकच भीती डोक्यात भरली होती. त्या भीतीत मी तिचं बोट पुढे जाताना बघत राहिलो.

बार उडाल्यासारखा आवाज झाला. जळका वास, धूर. वहिनी मागे कोलमडली, ताट पडलं, कुंकू फरशीभर सांडलं. दादाने मेन बंद केला. सगळे बाहेर धावले आणि मी म्हणालो, "मी पाहतो." आत गेलो, लाल बटण वर सरकवलं. बाहेर आलो तर आई शेजारणीला सांगत होती, "माहं पोट्टं भेत नाई कशाले."

वहिनी ओट्यावर बसली होती, एक हात दुसऱ्या हातात धरून. मला पाहिलं आणि तिचा चेहरा थोडा उजळला — हे मी विसरू शकत नाही, उजळला. "मी तं हळूच दाबलं. भाऊजी, तुम्ही जवळच होते नं? तुम्ही पाह्यलं नं?"

सगळे माझ्याकडे वळले.

आतापर्यंतचं सगळं तरी मी तरुणपणाचा मूर्खपणा म्हणून खपवीन. हे नाही खपत. मी म्हणालो, "जोरात दाबलं तुम्ही, वहिनी."

पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी रमेशभाऊ आले. लाल बटण बघितलं, मग माझ्याकडे बघितलं — की मला तसं वाटलं? "वरून लाईन जास्त आली असन," एवढंच ते म्हणाले. पण आईच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. दसरा, सांडलेलं कुंकू, नव्या सुनेचा हात. बाबा पुन्हा तिला कॉम्प्युटरवर बस म्हणाले नाहीत. परीक्षेच्या सकाळी दादाने विचारलं, जायचं ना? ती म्हणाली, "तेथंई काई झालं तर?" आणि कणीक मळायला बसली.

दिवाळीला नवं मशीन आलं. तुम्हाला वाटेल, माझ्याच्याने त्यावर खेळवलं नसेल. खेळवलं. गाडी लोण्यासारखी पळायची.

आता बिलं मी करतो. दर दसऱ्याला आधी मागे वाकून बघतो. बायकोला वाटतं, धूळ पाहतोय. वहिनी पूजेची सगळी तयारी करते, ताट माझ्या बायकोच्या हातात देते आणि स्वतः उंबऱ्याबाहेर थांबते. मशीन सुरू झालं की मगच आत येते. यंदा तिची मुलगी, सहा वर्षांची, "मी लावते, मी लावते" करत धावली आणि बोट बटणापर्यंत नेलं. वहिनी झटक्यात आत आली, तिचा हात धरून मागे ओढला. "नोको बाई. आपल्या हातानं नोको."

पोरीने आपला हात उलटसुलट करून पाहिला. दोघी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, सुरू झालं का?"

मी बटण दाबलं.

"झालं वहिनी," म्हणालो, "या आत."