वीतभर माशांचं वय

साइमी केम्पाइनेन गोठलेल्या तळ्यावरचं मासेमारीचं भोक सोडून निघताना त्यावर बर्फ ओढायची आणि बुटाने सारखं करायची, म्हणजे जागा कुणाला कळू नये. दुसऱ्यांनी पाडलेली भोकं मात्र मोजायची. कुणाकडे मासे धुरावर टांगलेत हे तिला वासावरून कळायचं, आणि कळलं की ती दाराशी येऊन उभी राहायची. जाळ्याचा दोरा कुणी नेला, हे दुकानात विचारायची. किती मिळाले म्हणून कुणी तिला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "एक. तोही आजारी."

अडीच आठवड्यांपूर्वी ती गेली. मला अजून ते नीट कळलेलं नाही.

मी तिच्याहून पंचेचाळीस वर्षांनी लहान. साहित्याची पदवी घेऊन गावी परतलो, तेव्हा इथे माझ्याजोगं काम नव्हतं. ती मला पुस्तक्या म्हणायची. तीन हिवाळे आम्ही बर्फावर उलट्या बादल्यांवर शेजारी बसलो, आणि फार थोडं बोललो.

आमचं तळं लहान आहे. समोरच्या काठावर कोण कपडे वाळत घालतंय ते इथून दिसतं. पाणी अकरा घरांचं सामाईक. नियम मार्चच्या सभेत ठरतात, आणि तीस वर्षं त्या सभेची अध्यक्ष साइमीच होती. तिने दोन नियम घालून दिले होते. काळ्या पट्ट्यांचा अहवेन वीतभर नसेल तर परत सोडायचा, वाढू दे त्याला. सुसरीसारख्या तोंडाचा हाउकी मिळाला तर सोडायचा नाही, कारण तो अहवेन खातो.

तरी अहवेन मोठे होईनात. तिच्या लग्नातल्या माशांची शेपटी म्हणे ताटाबाहेर जायची. आता गिरमिटाने कुठेही भोक पाडा, वर येतो तो वीतभरही नसतो. साइमीला याचा एकच अर्थ दिसला. मोठे मासे कुणीतरी नेतंय.

कुणीतरी म्हणजे समोरच्या काठावरचा तावेत्ती. विधुर, तिच्याच वयाचा. बर्फाखाली एकटाच जाळं लावायचा आणि काय मिळालं ते सांगायचा नाही. "लपवायला काही नसेल तर माणूस बोलतो," साइमी म्हणायची. एका हिवाळ्यात ती घरोघर कॉफी प्यायली आणि घरोघर हे बोलून आली. गेल्या मार्चला सभेने तावेत्तीच्या जाळ्यावर वर्षभराची बंदी घातली. त्याने ऐकून घेतलं, टोपी घातली, निघून गेला. त्यानंतर त्याला कुणी सौनाला, वाफेच्या अंघोळीला, बोलावलं नाही. पोटात मासे घालून भाजलेल्या त्याच्या राय धान्याच्या भाकऱ्या चर्चच्या जेवणात कुणी कापल्याही नाहीत. मीही नाही. या मार्चला ती बंदी कायमची होणार होती.

जानेवारीत साइमीने मला त्याच्याकडे पाठवलं.

"तू जा. तुझा चेहरा बावळट आहे, त्याला संशय येणार नाही."

"बघायचं काय?"

"फ्रीझर."

तावेत्तीने कॉफी ओतली. हात धुतो म्हणून मी उठलो आणि मागच्या पडवीतला फ्रीझर उघडला. पिशव्याच पिशव्या, आणि सगळ्यांत वीतभरही नसलेले अहवेन. गळाने धरलेले आणि परत न सोडलेले. नियम त्याने मोडला होता, पण आरोपाच्या उलट: मोठे नव्हे, लहान नेऊन.

"खालचा कप्पाही बघ," मागून तावेत्ती म्हणाला. "म्हातारी विचारेल."

मी फ्रीझरचं दार लावलं. त्याने खिडकीतली काड्यापेटी उचलून मला दिली. आत पातळ हाडं होती, कल्ल्यांवरच्या झाकणांची, उकळून पुसलेली. एक त्याने उजेडासमोर धरलं. हाडात बारीक रेघा होत्या, कापलेल्या खोडात असतात तशा. मासा हिवाळ्यात वाढत नाही, तिथे रेघ उमटते, असं त्याने सांगितलं. रेघ म्हणजे एक हिवाळा. मी नऊ मोजल्या. मासा केवढा होता, विचारलं. त्याने अंगठा आणि पहिलं बोट ताणून दाखवलं.

"सभेत का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं कुणी?"

साइमीने भिंगाखाली हाडं पाहिली. मग काड्यापेटी माझ्याकडे सरकवली. "दुसऱ्या तळ्यातली आहेत."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः भोक पाडलं. बारा अहवेन धरले, मला हातही लावू दिला नाही. स्वतःच्या भांड्यात उकळले, झाकणं नखाने साफ केली. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग बोलायचं, असं ठरलं. आमचे आकडे जुळले. आठ. अकरा. दहा.

पाण्यात तोंडं फार होती आणि खाणं थोडं. गर्दी कमी करणारे हाउकी आम्ही मारले होते. काढायचे ते अहवेन परत सोडले होते.

साइमीने हाडं एका कागदात गुंडाळली. "तीस वर्षं," ती म्हणाली, "मी म्हाताऱ्यांना पोरं समजून सोडत होते."

सभेत सांग म्हणजे झालं, मी सुचवलं. तिने मान हलवली. घरोघर जाऊन बोलले ते घरोघर जाऊनच परत घ्यायचं. आणि मी सोबत यायचं नाही, नाहीतर लोक म्हणतील पुस्तक्याने हिला भुलवलं.

फेब्रुवारीत ती हाडं घेऊन सहा घरी गेली. दोघांनी मान्य केलं. बाकीच्यांना तिचाच संशय आला. तावेत्तीने हिला काय खाऊ घातलं? एकीने तोंडावर विचारलं, लग्नाला बोलावणार आहेस ना? साइमीने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. इतकी वर्षं लोकांना जे शिकवलं ते चांगलंच शिकलेत, एवढंच म्हणाली.

तावेत्तीचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. त्याच्याकडे सगळ्या घरांचा होकार घेऊनच जायचं होतं.

सातव्या घरी जायच्या सकाळी ती बूट घालायला बसली आणि उठली नाही. मी पोचलो तेव्हा एका बुटाची नाडी बांधलेली होती.

सभा शनिवारी आहे. माझं सोडून दोन घरं राहिलीत, आणि तावेत्तीचं. हाडं माझ्या खिशात आहेत, आणि मी बूट घालतोय.