आशाताईंचे चार कॉलर माईक

एकनाथकाका खाटेवर मरत होते आणि त्यांचे शेवटचे शब्द पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणालाच ऐकू येत नव्हते.

आगाशीच्या नाट्यमंडळाचं गेल्या वर्षीचं नाटक देवळामागच्या मैदानात रंगात आलं होतं. स्टेजवर पुढे तीन माईक उभे. बोलायचं असेल त्यानं चालत माईकपाशी यायचं, बोलायचं आणि मागे सरकायचं, ही रीत इतकी जुनी की त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण खाट काही माईकपाशी येईना. एकनाथकाका मुलाचा हात धरून पुटपुटत होते. समुद्राकडून आलेला वारा त्यांचे शब्द उचलून केळीच्या वाडीत नेऊन टाकत होता. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "काका, माईकजवळ येऊन मरा की!"

हशा पिकला. काका मुळात आज्ञाधारक. ते उठले, माईकपाशी आले, मुलाला निरोपाचे चार शब्द सांगितले, परत खाटेवर जाऊन पडले आणि मग रीतसर मेले. टाळ्या भरपूर पडल्या, पण पडदा पडल्यावर काका विंगेत येऊन तोंड पाडून बसले. "ताई, चांगलं मरत होतो मी," ते म्हणाले.

"खरंच चांगलं मरत होतात," आशाताई म्हणाल्या. "मी ऐकलं ना."

ते खरंही होतं. आशालता चुरी म्हणजे मंडळाच्या प्रॉम्प्टर. लग्न होऊन आगाशीत आल्या त्या वर्षी कुणीतरी हातात संहिता दिली आणि विंगेत उभं केलं, ते आजतागायत. नवरा श्रीरंग सोनचाफ्याची वाडी सांभाळणारा. पहाटे फुलं खुडून दादरला धाडायची, दुपारी हिशेब, संध्याकाळी तालीम. मंडळातली माणसं बदलली, नोकऱ्यांवर गेली, विरारच्या नव्या इमारतींमधून नवी आली, पण डाव्या विंगेतल्या आशाताई तिथेच. गंमत अशी, की इतकी नाटकं करूनही त्यांनी समोरून एकही पाहिलं नव्हतं. त्यांना दिसायच्या त्या नटांच्या पाठी, कानशिलं आणि मेकअप न केलेल्या माना.

पुढच्या बैठकीत ठरलं की यंदा वायरलेस माईक घ्यायचेच. भाड्यानं आणले तर ते नाटकाच्या दिवशी दुपारी येणार, तालमीला काही मिळणार नाहीत. तेव्हा विकतच घेऊ, पण मंडळाला झेपतील असे. ते निवडायचे कुणी, यावर बराच वेळ चहा झाला. सेक्रेटरी जितेंद्र विरारला राहणारा, मुंबईत कॉम्प्युटर कंपनीत काम करणारा, हौशी आणि मनाचा मोकळा. तो म्हणाला, "मी मोबाईलवर पंचवीस माईक बघितले, सगळेच चांगले म्हणतात. आपल्याकडे कान कुणाचा आहे? आम्ही सगळे नाटक बघतो. ऐकतात फक्त आशाताई."

"अरे, मला वायर लावता येत नाही, वायरलेस कुठलं!" आशाताई म्हणाल्या. पण घरी जाताना त्या जरा ताठ चालत होत्या, असं श्रीरंगनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

पहिली खरेदी तुळिंजच्या बाजारातून झाली. खरेदी म्हणजे, दुकानदारानं दोन दिवस वापरून बघा म्हणून आठ माईकांचा अख्खा संच दिला. किंमत ऐकून जितेंद्र हरखला होता. समाजमंदिरात तालीम लागली. यंदाचं नाटक विनोदी, मंडळातल्याच हर्षवर्धन सरांनी लिहिलेलं. बाप मुलीचं लग्न परस्पर एका बिल्डरच्या मुलाशी ठरवतो आणि मुलगी त्याला पुरून उरते. बापाच्या भूमिकेत एकनाथकाका, मुलीच्या भूमिकेत पूर्वी नावाची मुलगी. ती बँकेत नोकरीला, आवाज खणखणीत. तिनं छातीला माईक लावला, पदर खोचला आणि सुरुवात केली, "हे लग्न होणार नाही! मी स्टँपपेपरवर लिहून देते, हे लग्न होणार नाही!"

स्पीकरमधून तिचा आवाज आला. आणि पाठोपाठ एका पुरुषाचा आला, "कृपया वधूच्या मामांनी स्टेजवर यावं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पूर्वीला वाटलं, कुणीतरी नवीन वाक्य घातलंय. ती म्हणाली, "मामा आले तरी होणार नाही!"

पाच मिनिटांत समाजमंदिराचं दार धाडकन उघडलं. दारात ॲल्रॉय. नंदाखाल गावचा ॲल्रॉय लग्नाकार्याला साऊंड पुरवणारा, पंचक्रोशीत सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या गळ्यात हेडफोन होता आणि चेहऱ्यावर घाम. "इथे कोन लग्न मोडतंय?" तो म्हणाला. "पलीकडच्या हॉलमध्ये साखरपुडा चालू आहे. नवऱ्याची आई रडायला लागली!"

झालं होतं असं, की पलीकडच्या हॉलच्या मालकानंही तसलाच संच घेतलेला. दोन्हींची फ्रिक्वेन्सी एकच आणि ती बदलायची सोय नाही. आशाताईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. मग त्या पूर्वीला घेऊन स्वतः पलीकडे गेल्या, नवऱ्याच्या आईला भेटल्या, सगळा प्रकार सांगितला. त्या बाईंनी डोळे पुसले आणि दोघींच्या हातात पेढे ठेवले. वर विचारलं, "नाटक कधी आहे? आम्ही येऊ."

त्या दिवसापासून ॲल्रॉय मंडळाचा झाला. "काकी," तो आशाताईंना म्हणाला, "स्वस्त घ्या, पण ज्याचं चॅनल बदलता येतं तोच घ्या. शेजारी कोन काय लावेल, आपल्या हातात नाय."

जितेंद्रनं मग दुसरा पर्याय आणला. बोटाच्या पेराएवढे माईक, मुलं व्हिडिओ काढायला वापरतात तसले. दिसायला इतके गोंडस की पूर्वी त्यांना कानातले म्हणून घालायला निघाली. आशाताई शेवटच्या रांगेत जाऊन डोळे मिटून बसल्या. पूर्वी समोर तोंड करून बोलली तेव्हा सगळं स्वच्छ. ती पाठ फिरवून दाराकडे गेली आणि शब्द तुटायला लागले. "ल... होणा... ही."

"माझ्या बाबांच्या जुन्या रेडिओसारखं झालं," आशाताई म्हणाल्या. "हात लावला की बोलायचा, सोडला की गप्प."

ॲल्रॉयनं सगळ्यांना मोबाईलवरचं वायफाय चालू करायला सांगितलं. मग तर समोर तोंड करूनही पूर्वी अडखळली. "अंग मध्ये आलं की याची ताकद जाते," तो म्हणाला, "आनि मैदानात मानसं किती, मोबाईल किती!" जितेंद्र हिरमुसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन केला, "आशाताई, तुमचं बरोबर आहे. मी घरी बायकोला लावून बघितला. ती स्वयंपाकघरात गेली की काहीच ऐकू येत नाही. ती म्हणते, हाच घ्या."

शेवटी ॲल्रॉयच्या टेम्पोतून तो, जितेंद्र आणि आशाताई असे तिघं कामणला गेले. तिथे एका गोदामात कार्यक्रमांचं सामान विकणारा त्याचा ओळखीचा होता, गेल्या हंगामातला माल तो कमी भावात काढत असे. आशाताई खुर्चीवर बसल्या, ॲल्रॉय माईक लावून खोक्यांच्या रांगांमागे गेला. बाहेर ट्रक घरघरत होते. पहिल्या माईकला आशाताईंनी मान हलवली, "याचा आवाज नाकात आहे." दुसऱ्याला म्हणाल्या, "हा गोड आहे, पण स, श, ष सगळं एकच करतो." तिसरा लागला. दुरून, कुठल्यातरी पंख्यांच्या खोक्यांमागून ॲल्रॉय हळूच म्हणाला, "काकी, भूक लागली."

आशाताईंनी डोळे उघडले. "हा घ्या. याला भूकसुद्धा नीट सांगता येते."

हा माईक चॅनल बदलणारा, शब्द तुटू नयेत म्हणून दोन अँटेनांचा, साध्या पेन्सिल सेलवर चालणारा. पण बजेटात चारच बसत होते. जितेंद्र म्हणाला, "नाटकात सात माणसं आहेत. यापेक्षा हलके घेतले तर आठ येतील."

"स्टेजवर एका वेळी चारांच्या वर माणसं नसतात," आशाताई म्हणाल्या. त्यांना संहिता तोंडपाठ होती. "फक्त शेवटच्या प्रवेशात पाच आहेत, आणि त्यातला नोकर नुसता 'हो साहेब' म्हणतो. त्याला मान हलवायला सांगू. आठ जणांचं अर्धंमुर्धं ऐकण्यापेक्षा चौघांचं धड ऐकू. मी विंगेत बदलाबदली करीन."

मग कामाला जोर आला. माईकच्या वायरला जोडलेला सेलचा डबा साडीत अडकवायचा कुठे, हा प्रश्न पुरुषांना सुचलाच नव्हता. आशाताईंनी जुन्या परकराच्या नाडीला कापडी पिशव्या शिवल्या. पूर्वीची रेशमी साडी खसखसते म्हणून सुती आणली, काचेच्या बांगड्या काढून लाखेच्या घातल्या. आता नुसता श्वास घेतला तरी मागच्या रांगेत ऐकू येत होता. सगळे खूश.

आणि मग पहिली रंगीत तालीम झाली.

एकनाथकाका ऐटीत आले, मुलीसमोर उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे विसरले. आशाताईंनी नेहमीप्रमाणे विंगेतून वाक्य दिलं. "या घरात माझा शब्द चालतो!" हे समाजमंदिरभर घुमलं, तेही बाईच्या आवाजात. पाठोपाठ काका म्हणाले, "या घरात माझा शब्द चालतो!"

खुर्च्यांवरची माणसं हसून लोळायची बाकी राहिली. पुढचं वाक्यही तसंच झालं. माईक इतका चांगला होता की विंगेतली कुजबुजही सोडत नव्हता. काका विंगेत आले आणि घसा खाकरत म्हणाले, "पानी दे रे कुनीतरी, ताईंनी आज माझी अब्रू काढली." तेही लोकांनी ऐकलं.

आशाताई हसल्या, पण ते हसू घरापर्यंत टिकलं नाही. श्रीरंग अंगणात टोपलीवर ओलं फडकं टाकत होते.

"आपणच निवडलेल्या माईकनी आपल्यालाच घरी बसवलं बघा," त्या म्हणाल्या.

"मग दुसरे घ्या. थोडे बहिरे."

"छे! आवाज किती छान येतो, तुम्ही ऐका तरी."

"मग काय करणार?"

दुसऱ्या दिवशी तालमीला आशाताई संहिता घरी ठेवून आल्या. "यंदा प्रॉम्प्टिंग बंद," त्यांनी जाहीर केलं. "पाठ करा."

हाहाकार उडाला. पूर्वी म्हणाली, "मी करते हो, पण काकांचं काय?" एकनाथकाका तर खालीच बसले. ते अर्नाळ्याचे, होडीवर आयुष्य काढलेले. अभिनय रक्तात, पाठांतर मात्र कधी केलं नाही. "माझं पाठांतर म्हंजे आशाताई," ते म्हणाले. "त्या नाय तर मी नाय."

"मी आहे ना," आशाताई म्हणाल्या. "वाडीवर या रोज."

मग रोज दुपारी एकनाथकाका सायकलवरून चुरींच्या वाडीत यायला लागले. आशाताई त्यांना नुसतं बसू देत नसत. हातात केळीची पानं द्यायच्या, सकाळच्या फुलांच्या पुड्यांसाठी फाडून ठेवायला. एक पान, एक वाक्य. चुकलं की पुन्हा. श्रीरंगनी मुलीची वाक्यं म्हणायची. त्यांचा आवाज भरदार, मिशा पांढऱ्या, आणि ते "बाबा, मला शिकायचंय हो!" म्हणू लागले की शेजारच्या वाडीतली सरोजिनी कुंपणापाशी येऊन उभी राहायची. दोन आठवड्यांत काकांना स्वतःची वाक्यं आली, मग मुलीची आली, मग नकळत सगळ्यांचीच आली. सायकलवरून जाता-येता ते अख्खं नाटक एकटे करत. मच्छीबाजारात म्हणे त्यांनी एकीला भाव विचारायच्या ऐवजी "या घरात माझा शब्द चालतो" असं म्हटलं. तिनं चोख उत्तर दिलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नाटकाच्या दिवशी मैदान भरलं. साखरपुडा झालेली मंडळीही आली होती, नवऱ्याच्या आईसकट. माईक बदलायचं काम आशाताईंनी सरोजिनीला शिकवलं होतं. जितेंद्रनं आशाताईंचा हात धरला आणि त्यांना दुसऱ्या रांगेत श्रीरंगशेजारी बसवलं. "अरे, मी कुठे इथे?" त्या म्हणत राहिल्या. पदर सारखा करायच्या, विंगेकडे बघायच्या. पडदा वर गेला तशी त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

दुसऱ्या अंकात पूर्वी अडली. ज्या पूर्वीची कुणालाच काळजी नव्हती, ती. समोर हजार डोळे, आणि वाक्य गेलं. आशाताईंचे ओठ हलले. अर्ध्या उठल्याच त्या, श्रीरंगनी त्यांचं मनगट धरलं. स्टेजवर एकनाथकाका शांतपणे सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली, मुलीकडे पाहिलं आणि कडक आवाजात म्हणाले, "आता तू म्हणशील, की बाबा, मुलाचा फ्लॅट बघितलात, मुलगा बघितलात का? म्हणशील ना? म्हण!"

"म्हणणारच!" पूर्वी उसळून म्हणाली. "बाबा, मुलाचा फ्लॅट बघितलात, मुलगा बघितलात का?"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. लोकांना वाटलं, लिहिलंयच तसं. हर्षवर्धन सरांनी पुढच्या प्रयोगासाठी ते लगेच लिहूनही घेतलं.

आशाताई मागे टेकल्या. आता विनोदी प्रवेश सुरू झाला होता, त्यातलं अक्षर न् अक्षर त्यांना ठाऊक होतं. काकांनी नेहमीचं वाक्य टाकलं, भुवई उडवली, चष्मा नाकावर आणला. ही भुवई आशाताईंनी कधी पाहिलीच नव्हती. विंगेतून काकांचा फक्त कान दिसायचा, आणि वाक्य संपायच्या आत आशाताईंचं बोट पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं. आता पुढच्या ओळीची काळजी नव्हती. त्यांना हसू फुटलं. साधंसुधं नव्हे, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, इतकं मोठ्यानं की पहिल्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.

"अहो, हळू," श्रीरंग म्हणाले.

"गप्प बसा हो," आशाताई म्हणाल्या, "बघू द्या मला."