माणसानं पाहिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला कायले सांगून राहिले? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणूनच असेल. भित्र्या माणसाला खरं बोलायला परकंच कुणी लागतं.

मी भंडाऱ्यात राहते, घरूनच काम करते. आमची कंपनी नागपूरची, लहानशी. पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. मध्यंतरी कोड लिहायचं काम एआय एजंटांकडे गेलं. एजंट म्हणजे प्रोग्रामच — काम सांगा, तो स्वतः कोड लिहितो, स्वतःच चाचणी घेतो आणि ‘झालं’ म्हणून कळवतो. असे सहा होते. चहा नको, सुट्टी नको, कुरकुर नाही. आणि ‘झालं’ म्हणायची भारी घाई बाप्पा, झालेलं नसलं तरी!

त्यांच्यावर लक्ष ठेवायचा बोर्ड मी उभा केला. प्रत्येक कामाचं एक कार्ड. एजंट ते उचलतो, काम करतो, पुढच्या रकान्यात सरकवतो. शेवटच्या आधीचा रकाना मी हट्टानं ठेवला. त्याला नाव दिलं, ‘माणसानं पाहिलं’. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू असताना बांधावर एक जाणती बाई उभी असते ना, कुठं जागा सुटली ते पाहायला — तसंच. कुणीतरी माणसानं कोड वाचून आपलं नाव लावल्याशिवाय कार्ड बंद होणार नाही, असा नियम. सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुगले, खोटं कशाला बोलू.

वाचायला आम्ही दोघी, मी आणि प्रज्ञा. प्रज्ञा भंडाऱ्याजवळच्या शहापूरची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वडील निवृत्त मास्तर. पोरगी घरी बसून नागपूरचं काम करते, हे ते भेटेल त्याला सांगायचे. मी बोर्डाची व्यवस्था बघते या नावाखाली बहुतेक कार्डं तिच्याच वाट्याला जायची. आणि वाचायची तरी कशी! एकदा एका एजंटानं पेशंटचा रिपोर्ट नुसतं नाव आणि गाव पाहून जोडला होता. तिनं कार्ड परत पाठवलं, खाली लिहिलं — आमच्या एका गावात या नावाची चार माणसं आहेत, पेशंटचा नंबर वापरा. मला नसतं सुचलं.

पण सहा एजंट आणि एक प्रज्ञा. कार्डं साचू लागली. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये कंपनीचे मालक, आमचे सर, विचारायचे, हा रकाना लाल काहून दिसून राहिला? बोर्ड माझा, म्हणजे मान खाली माझी.

किती फिरून राहिले ना मी — बोर्ड, रकाने, एजंट. मुद्द्यावर यायला जीभ रेटत नाही. बरं. ऐका.

मी बोर्डात एक सेटिंग केली. एक दिवस पडून राहिलेलं कार्ड कुणी न वाचताच आपोआप पुढे जाईल. पण तो रकाना माणसाचं नाव मागायचा — नियम माझाच. तिथं मला माझं नाव टाकता आलं असतं. मी प्रज्ञाचं टाकलं. तिला सांगितलं नाही. दोन-तीन दिवसांपुरतं, गर्दी ओसरेपर्यंत, असं मनाशी म्हटलं. ती सेटिंग दीड महिना राहिली. रकाना हिरवागार. सरांनी सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली. प्रज्ञाला वाटलं, तिची उरलेली कार्डं मीच वाचून टाकते. ती मला थँक्यू म्हणाली. मी काय केलं? हसले.

मग एका लॅबमधून फोन आला. एकाच गावची, एकाच नावाची दोन माणसं — रिपोर्टची अदलाबदल झाली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबाजींनी साखर आटोक्यात आली असं समजून गोळ्या सोडल्या, आणि आठवडाभरात बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडले. वाचले. सरांनी कार्ड उघडून पाहिलं. लिहिणारा, एजंट. पाहणारं माणूस, प्रज्ञा.

तिनं मला फोन केला. रडत नव्हती, नुसती गोंधळली होती. “ताई, हे तर मी पकडलंच असतं ना? मले हे कार्ड आठवूनच नाही राहिलं. मी खरंच पाहिलं होतं काय?”

विचारलं तिनं. सरळ विचारलं. एका शब्दाचं काम होतं — नाही.

मी म्हटलं, “बोर्डावर तर तुझंच नाव आहे, बाई. थकलं की सुटतं असं. मनाला लावून नको घेऊ.”

किती मायेनं बोलले मी! तो माझा आवाज आठवला की मला माझी किळस येते. ती म्हणाली, असेल ताई, माह्याच नजरेतून सुटलं असेल. दिवसभर कार्डं वाचून डोळे लाल करणारी पोरगी — एखादं आठवत नसेल, असं तिलाही पटलं. स्वतःच्या आठवणीपेक्षा तिनं माझ्या बोर्डावर जास्त भरवसा ठेवला.

फोन ठेवल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? सेटिंग काढली. ती मी लावली होती, याची नोंदही पुसली. सरांनी तिला कामावरून काढलं. त्या लॅबची तिनं लेखी माफी मागितली, आणि पाठवायच्या आधी ती मला दाखवली. मी दोन वाक्यं सुधारून दिली.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. मागच्या महिन्यात आईच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीजवळच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात गेले. खुर्चीवर प्रज्ञा. मला पाहून उठून उभी राहिली, आईची तब्येत विचारली. फॉर्म भरताना प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तीन-तीनदा वाचत होती. मागची माणसं वैतागली होती. ही बाई लय वेळ लावते, असं कुणीतरी बोललंही. भरून झाल्यावर तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला.

“एकदा तुमी पाहून घ्या ना ताई. माह्या नजरेचा मलेच भरवसा नाही राहिला आता.”

मी पाहिलं. नाव, गाव, जन्मतारीख. एकही चूक नव्हती. तेव्हा तरी सांगायचं होतं — मागे रांग होती, पण रांगेचं नाव मी पुढे करणार नाही. बरोबर आहे, एवढंच म्हटलं. तिनं मान हलवली आणि तरीही पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. मी उभी राहिले. मग पावती घेऊन घरी आले.